जपानी ऋतुकाव्यातील हिवाळा



स्मारक-व्याख्यानासाठी उभ्या राहणाऱ्या वक्त्याने दिवंगत व्यक्तीची थोरवी श्रोत्यांना नव्याने पटवून देण्याच्या भरीस पडू नये. ती आपणां सर्वांस पटलेली आहे, म्हणूनच तर ही सभा भरली आहे. त्याने आपल्या विषयाशी इमान राखावे, म्हणजे आदरांजली आपोआप पुरी होते, अशी माझी समजूत आहे. म्हणून आभारप्रदर्शनाचा विस्तार न करता मी सरळ विषयाकडे वळतो.

विषय आहे जपानच्या परंपरागत निसर्गकाव्यातील हिवाळा. वसंतातील साकुरा आणि शरदातील आरक्त पर्णसंभार हे त्या काव्याचे जगद्विख्यात वैभव सोडून, ज्या ऋतूत निसर्ग कवीच्या पदरात सर्वांत कमी टाकतो तोच ऋतू मी का निवडला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, कवीची परीक्षा समृद्धीत होत नाही, ती अभावात होते. आणि एखाद्या काव्यपरंपरेचे वय ओळखावयाचे असेल तर तिने रित्या ऋतूचे काय केले ते पाहावे. जपानी कवितेला हिवाळा मिळाला तो फार उशिरा. आरंभीची कित्येक शतके ती हिवाळ्यात वसंतच शोधीत होती; आणि हा शोध सोडून जेव्हा तिने उजाड माळरानाकडे उजाड माळरान म्हणूनच पाहिले, तेव्हा ती खऱ्या अर्थाने प्रौढ झाली. आजच्या व्याख्यानात मला एवढेच सांगावयाचे आहे.

प्रथम पंचांगाचा तपशील उरकून घेऊ. आपल्या परंपरेने वर्षाचे सहा ऋतू केले आणि कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'त त्या सहांना सहा सर्ग मिळाले, म्हणजे वाटणी अगदी समसमान झाली. जपानने चिनी पद्धतीप्रमाणे चार ऋतू मानले. चांद्रवर्षाचा दहावा, अकरावा आणि बारावा हे महिने हिवाळ्याचे. सौरमानाने पाहिले तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी हिवाळा लागतो आणि फेब्रुवारीच्या चौथ्या तारखेच्या सुमारास संपतो. चांद्र आणि सौर मानांचा मेळ बसविण्यासाठी तेथेही आपल्याप्रमाणेच अधिक महिना धरीत असत, आणि त्यामुळे एखाद्या वर्षी जुने वर्ष सरण्यापूर्वीच वसंत येऊन ठेपे. 'कोकिनशू' या संग्रहातील पहिलीच कविता या पंचांगी पेचावर आहे. १ जानेवारी १८७३ पासून जपान सरकारने पाश्चात्त्य कालगणना अमलात आणली आणि नववर्ष वसंतातून निघून ऐन हिवाळ्यात जाऊन पडले. तेव्हापासून ऋतुशब्दांचे कोश नववर्षाला पाचव्या ऋतूसारखे स्वतंत्र दालन देऊ लागले.

पंचांगाइतकाच भूगोलही महत्त्वाचा आहे. हिवाळ्यात सैबेरियाकडून निघालेला शुष्क, थंड वारा जपानच्या समुद्रावरून येताना त्सुशिमा या उष्ण प्रवाहावरील बाष्प उचलतो आणि डोंगररांगांना अडून पश्चिम किनाऱ्याच्या मुलखावर, विशेषतः एचिगो प्रांतावर, पुरुष-पुरुष उंचीचे हिम ओततो. त्याच डोंगरांच्या पलीकडे, पूर्वेकडील एदोच्या मैदानावर मात्र आकाश निरभ्र आणि वारा कोरडा असतो. ज्या क्योतो नगरीत अभिजात जपानी कविता जन्मली आणि वाढली, ती या दोन प्रदेशांच्या मधल्या खोलगट भागात वसली आहे. तेथे उत्तरेकडचे डोंगर ओलांडून आलेले ढग क्षणभर शिडकावा करून निघून जातात. ही 'शिगुरे', म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावरची उडती सर. तेथे हिम पडते ते माफक. रस्ते बंद होत नाहीत, छपरे मोडत नाहीत. दरबारी कवीला हिम हे संकट न वाटता शोभा का वाटली, याचे अर्धे उत्तर या भूगोलात आहे.

आता काव्याकडे येऊ. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झालेल्या 'मान्योशू' या वीस खंडांच्या आणि सुमारे साडेचार हजार कवितांच्या संग्रहात आठवा व दहावा हे दोन खंड ऋतुवारीने लावलेले आहेत. म्हणजे ऋतूंप्रमाणे कवितांची मांडणी करण्याचा शिरस्ता इतका जुना आहे. संग्रहाची शेवटची कविता इ. स. ७५९ च्या नववर्षदिनाची असून, इनाबा प्रांताचा सुभेदार म्हणून राजधानीपासून दूर गेलेल्या ओतोमो नो याकामोची याने हाताखालच्या परगणे-अधिकाऱ्यांना दिलेल्या मेजवानीत ती म्हटली आहे. तीत हिम आहे. परंतु ते नववर्षी पडले म्हणून शुभशकुन ठरलेले, पुढच्या सुगीची ग्वाही देणारे हिम आहे. जपानच्या आद्य काव्यसंग्रहाची समाप्ती हिमाने व्हावी आणि त्या हिमात हिवाळ्याचा लवलेश नसावा, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

यानंतर सुमारे दीड शतकाने, ९०५ मध्ये, सम्राट दाइगो याच्या हुकुमाने की नो त्सुरायुकी आणि त्याचे तीन सहकारी यांनी 'कोकिनशू' हा पहिला राजाज्ञाप्रणीत संग्रह हाती घेतला. पुढील पाच शतकांहून अधिक काळ जपानी काव्यरुचीवर ज्याचा अंमल चालला असा हा ग्रंथ. त्याचे पहिले सहा खंड ऋतूंचे आहेत आणि त्यांतील वाटणी अशी: वसंताला दोन खंड व १३४ कविता, ग्रीष्माला एक खंड व ३४, शरदाला दोन खंड व १४५, आणि हिवाळ्याला एक खंड व अवघ्या २९. ऋतुविषयक ३४२ कवितांपैकी हिवाळ्याच्या वाट्याला शेकडा साडेआठसुद्धा धड येत नाहीत. चुकून किंवा हयगयीने झालेली ही वाटणी नव्हे. ते संपादक कवितांचा क्रम लावताना कमालीचे चोखंदळ होते, आणि ज्या ऋतूविषयी सांगण्यासारखे थोडे होते त्याला त्यांनी थोडी जागा दिली.

त्या २९ कविता तरी कशाच्या? शिगुरेने आरंभ होतो, डोंगरखेड्यातील एकाकीपणा क्षणमात्र डोकावतो, वर्षाच्या अखेरीने समाप्ती होते; आणि मधला बहुतांश भाग हिमाने व्यापलेला आहे. परंतु हे हिम हिम म्हणून क्वचितच दिसते. ते फांदीवर पडले की फूल होते, आकाशातून उतरू लागले की मेघांपलीकडे वसंत आला असावा अशी शंका उत्पन्न करते, आणि जर्दाळूच्या कुळातील 'उमे' या झाडाचा शुभ्र बहर खरा कोणता आणि हिम कोणते याचा निवाडा होऊ देत नाही. एका वस्तूच्या ठिकाणी दुसरी पाहण्याच्या या अलंकाराला जपानी काव्यशास्त्रात 'मिताते' म्हणतात. आपल्या आलंकारिकांनी त्याची रुजवात भ्रान्तिमान, संदेह आणि उत्प्रेक्षा यांच्याशी सहज घातली असती. ही रीत चीनमधील राजवंशांच्या फाटाफुटीच्या काळातील दरबारी कवितेतून आली होती आणि त्या काळी ती अत्यंत आधुनिक समजली जात होती. तिला कृत्रिम म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल. पण तिच्या द्वारा कवीने साधले काय हे मात्र स्पष्ट ओळखले पाहिजे. त्याने हिवाळ्याच्या उघड्या अंगावर वसंताचे वस्त्र पांघरले.

हिवाळा डोळ्यांनी न पाहता पुस्तकातून पाहण्याची खोड गद्यातही दिसते. इ. स. १००० च्या सुमारास सेइ शोनागोन या विदुषीने आपल्या सुप्रसिद्ध टिपणसंग्रहात एक हकिकत नमूद केली आहे. बाहेर दाट हिम पडलेले असताना सम्राज्ञी तेइशीने तिला चीनमधील एका शिखरावरच्या हिमाची चौकशी केली. तिने तात्काळ चिक वर करविली, कारण बाइ जुयी या चिनी कवीच्या ज्या पद्यात ते शिखर येते त्यात चिक वर करून हिम पाहण्याची गोष्ट आहे. साऱ्या दरबाराने वाहवा केली. ती त्या हजरजबाबीपणाला होती आणि बाहेरच्या हिमाकडे पाहण्याचे निमित्तही ग्रंथातूनच आले होते, हे आपण ध्यानात घ्यावे. मात्र याच लेखिकेने ग्रंथारंभी प्रत्येक ऋतूचा सर्वोत्तम प्रहर सांगताना हिवाळ्याला भल्या सकाळचा प्रहर दिला आणि लगबगीने पेटवून दालनादालनांतून नेले जाणारे निखारे दुपारपर्यंत पांढरी राख होऊन कसे ओंगळ दिसतात हेही लिहिले. त्या राखेत हिवाळा प्रथमच हिवाळा म्हणून दिसतो.

कवितेत हा पालट होण्यास एक विलक्षण रूक्ष वाटणारी गोष्ट कारणीभूत झाली: विषयांची बारनिशी. ११०५ च्या सुमारास सम्राट होरिकावा याच्या दरबारात कवींनी शंभर नेमलेल्या विषयांवर कविता रचल्या. त्यांत हिवाळ्याला पंधरा विषय मिळाले: हिवाळ्याचा आरंभ, शिगुरे, दहिवर, गारा, हिम, थंडीने सुकलेली लव्हाळी, चिदोरी हा टिटवीच्या जातीचा लहान पक्षी, बर्फ, पाणपक्षी, मासे अडविण्यासाठी नदीत रोवलेले बांबूंचे कूड, देवस्थानातील नृत्यगान, ससाण्याची शिकार, कोळशाच्या भट्ट्या, शेगडीतला विस्तव आणि वर्षाची शेवटची रात्र. विषय नेमून दिल्याने प्रतिभा गुदमरते, असे आपण समजतो. येथे उलटे घडले. ज्या कवीला दर हिवाळ्यात हिमाचीच फुले करण्याची सवय जडली होती, त्याला आता कोळशाच्या भट्टीवर आणि मेलेल्या लव्हाळ्यांवर काहीतरी म्हणणे भाग पडले. आणि या वस्तूंची फुले होण्यासारखी नव्हती. त्यांच्याकडे पाहावेच लागले.

पाहण्याबरोबर ऐकणेही आले. अंधार लवकर पडतो, दृश्य नाहीसे होते, आणि नदीकाठच्या चिदोरीची हाक, गारांचा आवाज, बर्फाखाली अडकलेल्या ओढ्याचे मौन यांना महत्त्व चढते. त्सुरायुकीने स्वतः हिवाळी रात्रीच्या नदीवरील वारा आणि चिदोरी यांवर एक कविता केली होती. तेराव्या शतकाच्या आरंभी कामो नो चोमेइ याने 'मुम्योशो' या आपल्या काव्यविषयक ग्रंथात तिच्याविषयी एकाचा अभिप्राय नोंदविला आहे, तो असा की सहाव्या महिन्यातील ऐन उकाड्याच्या दिवशीही ती कविता म्हटली असता अंगाला गारवा जाणवतो. हिवाळा अंगाला जाणवावा ही अपेक्षाच नवी होती.

आणि मग इतिहासाने आपला वाटा उचलला. ११५६ आणि ११५९ ची बंडे, ११७७ ची क्योतोतील प्रचंड आग, ११८० ते ११८५ पर्यंतचे ताइरा आणि मिनामोतो या घराण्यांचे युद्ध, मधला भीषण दुष्काळ, आणि अखेर राजसत्ता कामाकुराच्या लष्करी सरकारकडे जाणे: दरबारी सरदारांच्या हाती आता जमिनीची सनद राहिली तरी अंमल राहिला नाही. अशा काळात माजी सम्राट गो-तोबा याने १२०१ मध्ये काव्याचे सरकारी दप्तर पुन्हा उघडले, मिनामोतो नो इएनागा याला त्याचा कारभारी नेमले, आणि 'शिन्कोकिनशू' या आठव्या राजाज्ञाप्रणीत संग्रहाचे काम सुरू करविले. १२०५ मध्ये त्याच्या पूर्तीचा समारंभ झाला. त्याचेही पहिले सहा खंड ऋतूंचेच आहेत: वसंत १७४, ग्रीष्म ११०, शरद २६६ आणि हिवाळा १५६. तीनशे वर्षांपूर्वी ग्रीष्माच्याही मागे पडलेला हिवाळा आता त्याच्या पुष्कळ पुढे गेला. ऋतुकवितांमध्ये त्याचा वाटा शेकडा बावीसपर्यंत चढला.

संख्येपेक्षा दृष्टीतील फरक मोठा आहे. याच संग्रहात संन्यस्त कवी साइग्यो आहे. हा पूर्वाश्रमीचा योद्धा तेविसाव्या वर्षी शस्त्र ठेवून डोंगरांत राहावयास गेला, आणि त्याने हिवाळी डोंगरखेड्यातील एकांत सोसणारा आणखी कोणी शेजारी असावा अशी आस व्यक्त केली. 'कोकिनशू'त क्षणमात्र डोकावलेला एकाकीपणा येथे मुक्कामाला आला आहे. याच संग्रहात फुजिवारा नो तेइका आहे. 'मान्योशू'मध्ये सानो येथील उताराजवळ पावसात सापडलेल्या प्रवाशाची एक जुनी कविता होती. तेइकाने १२०० मध्ये तीच जागा आणि तोच निवाऱ्याचा अभाव घेऊन पाऊस तेवढा काढला आणि त्या ठिकाणी संध्याकाळचे हिम आणले. जुन्या कवितेत गैरसोयीची तक्रार होती. नव्या कवितेत तक्रार मावळली आणि प्रवासी, घोडा, संध्याकाळ ही सारी एका शुभ्र रिकामेपणात विरत गेली. येथे हिमाचे फूल झालेले नाही, आणि व्हावे अशी इच्छाही नाही. तेइकाचा पिता शुंझेइ याने ११९७ मध्ये काव्याची परंपरा आणि तेन्दाइ पंथाची ध्यानप्रक्रिया यांची सांगड घालून दाखविली होती. वस्तू शून्य आहे, तरीही ती भासते, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे ते दर्शन. अशा दर्शनाला हिवाळ्याहून योग्य ऋतू कोणता मिळणार?

या वाटेवरचे शेवटचे टोक गाठले ते शिंकेइ या बौद्ध धर्मगुरूने. हा रेंगा या शृंखला-काव्याचा आचार्य १४६७ च्या ओनिन युद्धाच्या वर्षी क्योतो सोडून पूर्वेकडे गेला आणि परत येऊ शकला नाही. १४७५ मध्ये सागामी प्रांतात त्याचा अंत झाला. निर्वासित अवस्थेत लिहिलेल्या एका ग्रंथात त्याने असा निर्णय दिला आहे की, बर्फाइतके मोहक दुसरे काही नाही. फुलांच्या ऐश्वर्यासाठी जी विशेषणे दरबाराने राखून ठेवली होती, ती त्याने गोठलेल्या पाण्याला बहाल केली. परंतु या विचाराचा धोकाही त्याच पिढीने ओळखला होता. चहाविधीचा आद्य आचार्य मुराता जुको याने आपला शिष्य फुरुइची चोइन याला लिहिलेल्या पत्रात बजाविले आहे की, नवशिक्यांनी बिझेन आणि शिगाराकीची ओबडधोबड भांडी जमवून आपणही गारठलेल्या, वठलेल्या सौंदर्याला पोहोचलो असे मिरविणे हास्यास्पद आहे. ती अवस्था उत्तम वस्तूंचा परिचय आणि अंतःकरणाचा परिपाक झाल्यानंतरच यावयाची असते. ज्याने वसंत भोगलाच नाही, त्याच्या वैराग्याला किंमत नाही, असा त्या पत्राचा आशय आहे, आणि आजही तो शिळा झालेला नाही.

सतराव्या शतकात हायकूकार बाशोने या वारशाला रस्त्यावर आणले. १६८४ मध्ये नागोया येथे त्याच्या अध्यक्षतेखाली रचलेल्या शृंखलांचा संग्रह 'हिवाळ्याचे दिवस' या नावाने निघाला. आणि १६९१ मध्ये त्याच्या दोन शिष्यांनी सिद्ध केलेल्या 'सारुमिनो', म्हणजे 'माकडाचे इरले', या संग्रहात तर क्रमच फिरविण्यात आला. शतकानुशतके वसंताने सुरू होणारी ऋतुमाला येथे हिवाळ्याने सुरू होते. पहिली कविता बाशोची, शिगुरेत भिजणाऱ्या माकडाची, आणि तिच्या पाठोपाठ शिगुरेवरचीच मालिका. ज्या ऋतूला पूर्वी शेवटचा खंड आणि सर्वांत कमी जागा मिळाली होती तो आता दरवाज्यात उभा राहिला. बाशोचा मृत्यूही १६९४ च्या दहाव्या चांद्रमासात, म्हणजे हिवाळ्याच्या पहिल्या महिन्यात, ओसाका येथे झाला, आणि त्याच्या पुण्यतिथीला लोक शिगुरेचेच नाव देतात. दरबारी यादीत ज्यांना प्रवेश नव्हता त्या गोष्टी या कवितेने जमेस धरल्या: पायमोजे, फुगू मासा, वर्षअखेरचे देणेकऱ्यांचे तगादे, आणि अकराव्या महिन्याच्या तेराव्या तिथीपासून ४८ रात्री भोपळा बडवीत क्योतोच्या गल्ल्यांतून नामघोष करीत फिरणारे कूया पंथाचे भिक्षेकरी.

येथवरची कहाणी माफक हिमाच्या मुलखातील आहे. जास्त हिमाच्या मुलखाची कैफियत ऐकल्याशिवाय निकाल देणे योग्य नव्हे. शिनानो प्रांतातील काशिवाबारा या डोंगराळ गावचा इस्सा १८१२ मध्ये कायमचा घरी परतला तो हिवाळ्यातच. त्याच्या कवितेत हिमाची ऐट चालत नाही, कारण तेथे हिम म्हणजे काबाडकष्ट. १८२७ च्या गावातील आगीत त्याचे घर गेले आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात, वाचलेल्या मातीच्या कोठारात त्याने प्राण सोडला. त्यानंतर दहा वर्षांनी, १८३७ मध्ये, एचिगोतील कापडव्यापारी सुझुकी बोकुशी याचा हिममुलखावरचा ग्रंथ एदोत प्रसिद्ध झाला. उबदार प्रदेशातील लोक फूटभर हिमाची मौज लुटतात, आम्हांला ते वर्षातून कित्येक महिने उपसावे लागते, असे तो रोखठोक सांगतो. आणि त्याच वेळी आपल्या प्रांताचे ख्यातनाम 'चिजिमी' कापड हिमावर पसरूनच शुभ्र करतात हेही अभिमानाने नोंदवितो. दरबारी कवीने हिवाळ्याची पांघरलेली शोभा दूर केली खरी, पण फावडे कधी हाती घेतले नाही. ही उणीव या दोघांनी भरून काढली.

या परंपरेवरील आधुनिक काळातील सर्वांत कठोर आक्षेप कवी मासाओका शिकीचा. १८९८ मध्ये त्याने त्सुरायुकीला हिणकस कवी आणि 'कोकिनशू'ला टाकाऊ ग्रंथ ठरविले, आणि दहिवर व पांढरी शेवंती यांची गल्लत कल्पिणारी एक प्रख्यात कविता घेऊन, दहिवराने शेवंती दिसेनाशी होत नसते, ही नुसती लबाडी आहे, असा शेरा मारला. क्षयाने अंथरुणाला खिळलेल्या आणि खोलीच्या काचेतून दिसेल तेवढीच बाग पाहू शकणाऱ्या या माणसाचा प्रत्यक्षाविषयीचा हट्ट समजण्यासारखा आहे. तरीही मला त्याचा निर्णय अपुरा वाटतो. 'कोकिनशू'च्या कवीने हिमाला फूल म्हटले नसते, तर तेइकाला त्या फुलांचा त्याग करता आला नसता; अभाव दाखविण्यासाठी आधी कशाचा अभाव ते वाचकाच्या मनात असावे लागते. 'शिन्कोकिनशू'तील रिते दृश्य रिते वाटते, कारण मागल्या तीनशे वर्षांची फुले तेथून नुकतीच हलविलेली असतात.

आणि हाच मुद्दा आपल्या कामाचा आहे. शिरीष पै यांच्यासारख्या कवयित्रीने हायकू मराठीत रुजविला आणि आज तो आपल्या मासिकांतून घरचाच झाला आहे. परंतु आपण तो सुटा वाचतो, सुटा लिहितो. जणू एखाद्या माणसाला एका क्षणी एक दृश्य दिसले आणि त्याने ते टिपले, एवढाच त्याचा इतिहास. जपानी हिवाळ्याची कविता तशी सुटी कधीच नव्हती. ती क्रमात वाचण्यासाठी लावलेली होती: शरदाचे शेवटचे पान गळाले की शिगुरे, शिगुरेमागून दहिवर, दहिवरामागून हिम, हिमामागून वर्षाचा शेवट, आणि प्रत्येक पायरीवर आधीच्या शतकांची कविता पाठीशी उभी. 'कोकिनशू' आणि 'शिन्कोकिनशू' या दोन्ही ग्रंथांची संपूर्ण इंग्रजी भाषांतरे आज उपलब्ध आहेत. माझी आपणांस एवढीच विनंती आहे की, निवडक वेच्यांवर समाधान न मानता दोन्ही ग्रंथांतील शरदाचे खंड आणि त्यांना लागून येणारा हिवाळ्याचा खंड सलग वाचावेत, आणि प्रथम २९ कवितांचा हिवाळा वाचून मगच १५६ कवितांचा वाचावा. मी दोन घटका जे सांगितले ते खरे की खोटे याचा निवाडा त्या वाचनाने आपला आपणच करता येईल.